तिसऱ्या बेसवर उगवलेला सूड

कावासाकी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा मिझोगुची-सानच्या बायकोचा, हारुमी-सानचा मेसेज आला. ‘मिझोगुची आज पहाटे गेले. शांतपणे गेले.’ मिझोगुची-सान शांतपणे गेले, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तरुणपण व्यावसायिक बेसबॉलमध्ये घालवलेला हा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, निवृत्तीनंतर आमच्या ऑफिसात आला, ओळखपत्रं आणि भूकंपाची ड्रिल सांभाळू लागला आणि बघता बघता माझा मित्र झाला. टेबलावरून स्टेपलर फेकला तरी मान वर न करता झेलायचे. वागायला सगळ्यांशी गोड. राग फक्त एका माणसावर, आणि तो मात्र त्यांनी लोणच्यासारखा मुरवला होता.

तो माणूस म्हणजे त्यांच्या पहिल्या संघाचा कोच. २०११च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत मिझोगुची-सानचं किनाऱ्यावरचं गाव वाहून गेलं. आई शाळेच्या जिममधल्या निवाऱ्यात, वडिलांचा पत्ता नाही. त्यांनी रजा मागितली. कोच म्हणाला, “गेलास तर परत यायची तसदी घेऊ नकोस.” ते गेले. वडील सापडले नाहीत... परत आल्यावर त्यांना राखीव संघात टाकलं आणि मोसम संपताच नारळ दिला. “बापाला शोधायला गेलो, त्याची शिक्षा,” एवढंच ते एकदा बिअर पिताना बोलले होते.

पुढे दुसऱ्या एका संघाने त्यांना बदली खेळाडू म्हणून घेतलं. आणि मग जुन्या संघाविरुद्धचा तो सामना! शेवटचा डाव, एकच गडी बाद व्हायचा राहिलेला, मिझोगुची-सानचा संघ एका धावेने पुढे. जुन्या संघाचा धावपटू तिसऱ्या बेसवर पोचला, तिथेच मिझोगुची-सान चेंडू घेऊन उभे. धावपटूला सूचना द्यायला रेषेबाहेर तोच कोच. चेंडू कुणाकडे आहे यावर नजर ठेवणं, हेच त्याचं काम. मिझोगुची-सान पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, दोन शब्द बोलून आले, चेंडू त्याला दिल्यासारखं केलं आणि आपल्याच ग्लव्हमध्ये लपवला. पिचर बुटाची नाडी बांधत बसला. धावपटूने बेसवरून पाय उचलला मात्र, यांनी त्याला चेंडूसकट ग्लव्ह टेकवला. बेस सोडलेल्याला चेंडू टेकवला की तो गेला. बाद! सामना खलास, आणि कोचची टीव्हीवर पुरती शोभा. हे नियमात बसतं, पण दिलदारपणाचं समजत नाहीत.

“वाईट नाही वाटलं?” मी विचारलं होतं.

“छे! घर वाहून गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागली.”

अंत्यविधीला हाच कोच पहिल्या रांगेत. डोळे पुसत भाषण केलं, “भूकंपानंतर मीच त्याला म्हटलं, खेळ राहू दे, आधी घरी जा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण इथे जपानात अशा वेळी कुणी कुणाला खोटं पाडत नाही. लोकांनी माना डोलावल्या, हारुमी-सान कमरेत वाकल्या. मी घरी येऊन बायकोवर उखडलो. “अहो, त्याचा राग माझ्यावर का काढताय?” ती म्हणाली. खरंच होतं. पण काढणार तरी कुणावर?

आपल्याकडच्या तेराव्यासारखा इथे एकोणपन्नासावा दिवस असतो. त्या दिवशी जवळच्यांना गेलेल्या माणसाची एकेक वस्तू आठवण म्हणून देतात. कोच आला होताच, आणि त्याने आपणहून मागितलं, “मुलासारखा होता मला. माझ्याकडेही काहीतरी असू द्या.”

हारुमी-साननी जांभळ्या कापडात बांधलेली छोटी पेटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. सगळे बघत होते. आत एक मळका चेंडू. कोचला गहिवरून आलं.

“कुठल्या सामन्यातला हा?”

“तुम्हाला तेव्हाही दिसला नव्हता,” हारुमी-सान वाकून, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “शेजारीच तर उभे होतात.”

कोच पेटीवर पुन्हा कापड बांधू लागला. गाठ काही त्याला बसेना... आणि आम्ही कुणीच मदतीला गेलो नाही.