पालथी वाटी

ज्ञानचंद हैदराबादेत कॉम्प्युटरवर काम करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे कारंज्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तो सुट्टीत आला की गल्लीतले लोक बिघडलेले ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावर हजर! बाबांनो, मी यंत्राला पाना लावत नाही, त्यानं काय करायचं ते लिहून देतो, असं ह्यानं कितीही सांगितलं तरी ऐकतंय कोण? धान्याच्या दुकानदाराचं पोरगं एवढं शिकलं अन् त्याला साधा रेडिओ दुरुस्त करता येऊ नये, ह्याचंच लोकांना नवल.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो आला तो मात्र आईसाठी. जतनबाईंचं हृदय थकलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी बारीकशी पांढरी गोळी दिली होती, रोज संध्याकाळी एक. ह्या औषधाचा गुण अन् विष अगदी लागून आहेत, चुकूनही एकीच्या दोन करू नका, असं त्यांनी बजावलं होतं. वडील लवकर गेलेले, आईनंच त्याला शिकवलेलं. आई वाचावी, ह्यापलीकडे त्याला काही नको होतं.

साहेबांनी रजा दिली खरी, पण कामाचं बाड गळ्यात बांधून. बाड म्हणजे छापील कागदांची भली मोठी थप्पी. त्यात यंत्राच्या कर्नेलचा, म्हणजे सगळा कारभार हाकणाऱ्या गाभ्याचा, प्रोग्राम होता, आणि प्रोग्रामात कुठंतरी एक चूक दडून बसली होती. यंत्राची डिस्क सावकाश चाले, म्हणून नेहमी लागणाऱ्या मजकुराचे तुकडे हाताशी ठेवायची सोय केलेली. तिला कॅश म्हणत. हाताशी नसेल तो तुकडा डिस्कवरून आणायचा. पण कधीमधी एकाच तुकड्याच्या दोन प्रती येत, एकीत लिहिलेलं दुसरी पुसून टाकी, अन् कुणाचं तरी काम मातीत जाई. रोज बिघडतं तर पकडलं असतं. ते मेलं गुण्यागोविंदानं चालायचं अन् भलत्याच दिवशी दगा द्यायचं.

घर जैनांचं, जतनबाईंचा चौविहार. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. त्यात सांजेच्या जेवणाला बसल्यापासून सामायिक, म्हणजे रोजचं ध्यान, उरकेपर्यंत त्यांचं मौन. त्यामुळं गोळी मावळतीच्या आत, त्यांच्या मौनातच हातावर ठेवावी लागे. हे काम थोरल्या सुनेचं, कंचनबाईचं. पण पहिल्याच संध्याकाळी तिला मंदिरात जायचं होतं, म्हणून तिनं दिराला रीत सांगून टाकली: गोळी दिली की पाण्याची वाटी कोनाड्यात पालथी घालायची, पालथी दिसली की दिली समजायचं, कोनाडा रिकामा असला की राहिली. मग ज्याला सवड तो देऊ लागला. औषधाचं पोरांना कळतं, असं म्हणून जतनबाई देतील ती गोळी घेत. वाटी ओली, उष्टी ठेवणं त्या घरात पाप, तिच्यात जीव पडतात. म्हणून ती आधी चुलीपाशी नेऊन राखेनं घासायची, कोरडी पुसायची आणि मगच कोनाड्यात घालायची.

आई दिवसेंदिवस खचत चालली. ताट पाहिलं की मळमळे. भिंती पिवळ्या दिसून राह्यल्या, असं म्हणू लागली. दुखणं बळावलं असं समजून दीर-भावजय दोघंही गोळीला जास्तच जपू लागली. कोनाड्यात कधी दोन वाट्या पालथ्या दिसत, त्या कुणी मोजल्या नाहीत. गोळ्या लवकर संपल्या, तर ज्ञानचंदनं स्वतः जाऊन नव्या आणल्या. आणि त्याला काही म्हणता काही खटकलं नाही! डोळ्यांपुढं ते बाड होतं ना.

एका दुपारी चूक सापडली. एक प्रोग्राम येतो, तुकडा हाताशी नाही असं पाहतो आणि आणायला निघतो. 'मी आणतोय' ही खूण तो करतो, पण जरा मागाहून. तेवढ्यात दुसरा येतो, त्यालाही तुकडा दिसत नाही, खूणही दिसत नाही, तोही निघतो. दोघंही नियमानंच वागतात. पाहणं आणि खूण करणं ह्यांच्यामध्ये कुणाला शिरूच द्यायचं नाही, एवढाच इलाज होता. ज्ञानचंदनं दुरुस्ती लिहिली, पोस्टात टाकली आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत घरी आला.

उन्हं छपरावर गेली होती. कोनाडा रिकामा होता. अरे, गोळी राहिली की! त्यानं दुसरी वाटी भरून घेतली आणि आईपुढं बसला. जतनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि हाताची मूठ मिटली. औषधाला कंटाळली बिचारी, असं त्याला वाटलं. लहान पोराची समजूत घालावी तशी त्यानं तिची समजूत घातली, एकेक बोट उघडलं, गोळी ठेवली. तिनं मौन मोडलं नाही. पोराच्या हातची गोळी म्हणून गिळली.

पहाटे जतनबाई गेल्या.

उठावण्याच्या, म्हणजे सांत्वनाला माणसं जमतात त्या दिवशी हैदराबादची तार आली. थोरला भाऊ शांतीलाल सांत्वनाची समजून सगळ्यांसमोर उघडून बसला. दुरुस्ती लागू पडली, अभिनंदन, असा मजकूर निघाला. त्यानं ती धाकट्याच्या हाती दिली.

माणसं पांगल्यावर कंचनबाई आईची वाटी घासून, पुसून कोनाड्याशी आली आणि तिथंच रडू लागली.

"भाऊजी, माह्या हातूनच एखादी गोळी राहून गेली असन. माह्यामुळंच गेल्या त्या."

तिच्या हातातल्या वाटीकडं ज्ञानचंद बघत राहिला. चुलीपासून कोनाड्यापर्यंतची ती वाट त्याला आत्ता दिसली. गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलं नसतं, पण वहिनीनं जन्मभर ते ओझं वाहिलं असतं.

"एकही राह्यली नाही, वहिनी," तो म्हणाला.

"तुमाले काय मालूम?"

"तुमी गोळी दिली की लगेच वाटी घासाले जात होत्या. तेवढ्यात मी येत होतो. कोनाडा खाली दिसे, म्हणून मीबी देत होतो."

कंचनबाईचं रडणं थांबलं. वाटी सुलटी ठेवावी का पालथी, हे न कळून ती तशीच उभी राहिली.

"त्या दिवशी आईनं मूठ आवळली होती," ज्ञानचंद म्हणाला. "म्या उघडली."