पाच आकड्यांची मोटर आणि मायचं वल्हं

कुठलीही मोटर हाती आली की ती उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. उदगीरला आमचं वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. नवरा गिऱ्हाईक सांभाळतो, वाइंडिंग मी भरते. त्यामुळं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मासेमारीच्या होडीला कुणाची तरी वापरलेली बॅटरीवरची मोटर आणली म्हटल्यावर मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात मारलं आणि दुसऱ्याच दिवशी धरणाकाठचं माहेर गाठलं.

मोटर आली ती मायमुळं. लग्न झाल्यापासून माय मागं बसून वल्हं मारायची आणि अण्णा पुढं बसून जाळं सोडायचे. यंदा तिचा खांदा धरला, डॉक्टरनं वल्हं मारायला साफ मनाई केली. तेव्हापासून ती काठावर बसून फाटकं जाळं विणायची आणि एक डोळा होडीवर. "आता माझं काय काम हाय?" एवढंच सारखं म्हणायची. मला ते ऐकवत नव्हतं.

मोटर पुढं अण्णांच्या हाताशी बसवली होती, तिच्या दांड्यावर वेगाचे पाच आकडे होते. एक ते चार, सगळे मुके. पाचावर नेलं की होडी जी उधळायची, जाळं अण्णांच्या हातातून ओढून न्यायची आणि त्याचा नुसता गुंता व्हायचा.

"लई पळून राहिली ही," अण्णा म्हणाले. "अशानं जाळं सोडणं व्हायचं न्हाई."

मी पाण्यात बुडणारा खालचा भाग खोलला. मला वाटलं होतं, वेग कमी करायची करामत वर दांड्यात असेल. कसलं काय, ती खाली मोटरच्या शेजारी होती, तारेच्या एका छोट्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये. हळू चालवताना ही कॉइल जादाची वीज स्वतः खाते, तापते, आणि भोवतीचं पाणी तिला गार ठेवतं. म्हणजे पळायला काही लागत नाही, हळू चालायलाच सोसावं लागतं. मला भारी नवल वाटलं. कुण्या शहाण्यानं मोटर पाण्याबाहेर चालवून कॉइल जाळली होती, म्हणून एक ते चार मुके.

तसली तार लातूरहून मागवायची होती. तोवर स्वस्थ बसेल ती मी कसली. होडीला ओढ बसून ती हळू व्हावी म्हणून मागं बादली बांधली, तिची कडी तुटली. पोतं बांधलं, तर होडी एकीकडंच वळायला लागली.

"काय गं, मासे धरायला आलीस का आम्हाला बुडवायला?" अण्णा म्हणाले.

माय काठावर खुदकन हसली. मग उठली, आपलं वल्हं घेऊन होडीत मागं येऊन बसली. वल्हं दोरानं होडीला बांधलं, म्हणजे ओढ दोरावर, खांद्यावर काही नाही. मोटर पाचावर गेली तसं तिनं वल्ह्याचं पातं पाण्यात आडवं केलं आणि होडी मंद झाली. मनगट जरा फिरवलं की जास्त, जरा सोडलं की कमी. जाळं अण्णांच्या हातातून सुरळीत उतरत गेलं. एकदा गाठ अडकली. अण्णा बोलले नाहीत, तरी होडी जवळजवळ थबकलीच.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यांची पाठ दिसती की."

त्या दिवशी माय पोटभर जेवली.

तार आली. मी उदगीरला कॉइल भरून आणली, बसवली, आणि काय सांगू, पाचही आकडे बोलायला लागले. एकावर तर होडी गाभण म्हशीवानी चालली. मला माझंच कौतुक वाटलं. मागं वळून बघते तर माय वल्ह्याचा दोर सोडत होती. होडी काठाजवळ आली तशी ती उतरायला उठली. तिचं काम मीच माझ्या हातानं काढून घेतलं होतं.

अण्णांनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी हात लांब करून होडीचं तोंड परत पाण्याकडं वळवलं आणि आकडा पाचावर नेला. होडी उधळली, माय धपकन खाली बसली.

"लई पळून राहिली ही," ते म्हणाले. "धर वल्हं."