साडूभाऊंच्या गाडीतलं दुसरं गाव

माझे साडू वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं तसं चमत्कारिकच. एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न केलं, एवढ्या एका गोष्टीवर दोन परक्या पुरुषांनी जन्मभर एकमेकांना समजून घ्यायचं. आम्ही घेतो. सासरी सगळे जमले की आम्ही दोघं कोपऱ्यात खुर्च्या ओढतो आणि एकमेकांच्या बायकांचं कौतुक करतो. स्वतःच्या बायकोबद्दल काही बोलायची दोघांचीही छाती होत नाही.

साडूभाऊ गडी शांत. एखादं मशीन घरभर नाचत सुटलेलं असावं, घरातल्या बाई रडकुंडीला आलेल्या असाव्यात, आणि साडूभाऊंनी यावं, मशीनवर नुसता तळहात ठेवावा, डोळे मिटावेत आणि म्हणावं, "बेअरिंग." मशीन बरं व्हायला पुढे दुपार जाते, पण बाईंचा जीव तिथल्या तिथे भांड्यात पडतो.

त्यांची छोटी व्हॅन आहे. मागे ड्रम, पट्टे, पाइपांची वेटोळी आणि कधीच न वाळणारं एक फडकं. पुढे काचेला चिकटवलेलं रस्ता दाखवायचं यंत्र. मोबाईलवर नकाशा लावला की नेमक्या वळणावर गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि वळण मागे राहतं, म्हणून हे वेगळं यंत्र. त्यातून एक बाई बोलते. साडूभाऊ तिला 'बाई'च म्हणतात. "बाई म्हणाली डावीकडे, मी गेलो डावीकडे," असं ते सहज बोलून जातात आणि नवीन माणूस ताईंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, बघत राहतो.

तर एका सकाळी ताईंचा मला फोन आला. "भावोजी, जरा येऊन जा हो. यांच्या बाईचं काहीतरी बिनसलंय."

हे नेमकं आमच्या घरी ऐकू गेलं. "कोणाच्या बाईचं?" ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातातल्या झाऱ्यासकट. तिला यंत्र म्हणजे काय, बाई म्हणजे कोण हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. पटलं की नाही, ते अजून मला कळलेलं नाही.

मला का बोलावलं, हेही सांगायला हवं. मागे एकदा ताईंच्या टीव्हीचा रिमोट बंद पडला होता, तेव्हा मी त्यातले सेल काढून उलटे घातले आणि तो चालू झाला. तेव्हापासून त्या घरात मी इंजिनिअर आहे. मी मुळात विम्याच्या ऑफिसात बसतो.

मी गेलो, तर साडूभाऊ गाडीत बसूनच होते. "चला, दाखवतोच," म्हणाले.

आमच्याकडे तळ्यावर नवीन पूल झालाय. आम्ही पुलावर चढलो आणि पडद्यावर बघतो तो काय, आमची गाडी निळ्याशार पाण्यात शिरली होती! बाणासारखी ती खूण सरळ तळ्याच्या पोटात चालली होती.

"शक्य होईल तेव्हा मागे वळा," बाई म्हणाली. आवाजात काळजी होती असा मला भास झाला.

"बघा," साडूभाऊ म्हणाले. "पलीकडे उतरलो की म्हणते, रस्ताच नाही. मग मी थांबतो. मग ती विचार करते. मग मला जुन्या रस्त्याने पार तळ्याला वळसा घालून पाठवते. परवा एका घरी पोहोचलो, तर त्यांनी चादरी हाताने धुऊन वाळतसुद्धा घातल्या होत्या."

"अहो, पण पूल डोळ्यांना दिसतोय ना? तिचं कशाला ऐकायचं?"

"पूल दिसतो. पुढच्या गल्ल्या कुठे दिसतात? सगळी वस्ती नवी. सगळ्या इमारती एका साच्यातल्या. एकदा मी ज्या घरात शिरलो तिथेही मशीन बिघडलेलंच होतं, म्हणून दुरुस्त करून आलो. ते भलतंच घर निघालं."

गंमत एवढीच असती तर बरं होतं. पण ज्या कंपनीची कामं ते करतात, तिच्या साहेबांनी साडूभाऊंना सरळ सांगितलं होतं : पुढच्या आठवड्यापासून एक जरी तक्रार उशिराची आली, तर तळ्यापलीकडचा भाग काढून दुसऱ्याला देणार. आणि साडूभाऊंची निम्म्याहून जास्त कामं आता तळ्यापलीकडेच होती.

मी बाह्या सरसावल्या. पहिला उपाय जगन्मान्य. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. बाई पुन्हा तळ्यात. दुसरा उपाय घरी परतल्यावर मदतकेंद्राच्या फोनवर मिळाला. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायची आणि धरून ठेवायची. ताईंनी सेफ्टी पिन दिली. मी खुपसली. यंत्र विझलं, पेटलं आणि त्याने मला भाषा विचारली. घाईत माझं बोट कुठे पडलं देव जाणे, पण बाई एकदम घशातून घरघर काढत कुठल्यातरी अगम्य भाषेत बोलायला लागली. आता भाषा बदलायची तर त्याची सूचनाही त्याच भाषेत! आम्ही तिघं त्या पडद्याकडे परीक्षेतल्या पेपराकडे बघावं तसे बघत बसलो. शेवटी ताईंनीच चित्रांवरून अंदाज करत कुठेकुठे दाबलं आणि बाई शुद्धीवर आली. ताईंनी सेफ्टी पिन परत मागून घेतली. रिमोटाच्या वेळी मिळवलेलं माझं स्थान तिथेच डळमळलं.

मग यंत्र संगणकाला जोडलं. नवा नकाशा उतरवायला घेतला. थोडा वेळ हिरवी पट्टी पुढे सरकली आणि पाटी आली : 'जागा अपुरी आहे.'

जादा कार्ड घालायला यंत्राला एक खाच होती. पण तिच्यात साडूभाऊंनी पूर्वीच एक कार्ड बसवलेलं होतं, आणि ते असं तिरकं बसलं होतं की ना कामाचं होतं, ना निघणारं. आमच्या ऑफिसच्या हेडक्लार्कची आठवण झाली.

"म्हणजे आतलंच काहीतरी पुसायला हवं," मी म्हणालो आणि उघडून बघितलं. आत दोन नकाशे होते. एक आपला, रोडावलेला. दुसरा चांगला गलेलठ्ठ. "हा कुठला? हा तर परदेशातल्या कुठल्यातरी शहराचा दिसतोय. हा पुसला की झालं काम!"

साडूभाऊ चहा ढवळत होते. ढवळतच राहिले.

"तो असू दे," ते म्हणाले.

"अहो, पण हा तुमच्या काय कामाचा?"

"आहे एक काम."

"परदेशातली मशीनं दुरुस्त करायला जाता की काय?"

ते हसले नाहीत. "आपलाच थोडा कापता येतो का बघा ना. डोंगराकडचा भाग मला लागत नाही."

नकाशा म्हणजे काही कापड नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. तो संगणकावर काढून ठेवू म्हणालो, तर म्हणाले, "संगणक काय गाडीत बसणारेय?" ताई मध्येच उठून आत गेल्या. मला काही उमजेना. ज्या माणसाचा अर्धा धंदा तळ्यात बुडायला आलाय, तो एका परक्या गावाचे रस्ते छातीशी धरून का बसलाय? मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेवटचं समजावून बघू म्हणून पुन्हा गेलो. गाडी दाराशी उभी होती. इंजिन बंद. आत साडूभाऊ, पट्टा लावून. पडद्यावर मात्र गाडी भरधाव चालली होती.

मी दुसऱ्या बाजूने आत बसलो. ते थोडे चपापले.

"हे काय चाललंय?"

"गाडी न हलवता रस्ता चालवून दाखवायची सोय असते यात," ते खाली बघत म्हणाले. "पोरगी आता कामाला निघाली असेल. तिकडे आत्ता सकाळ असते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साडूभाऊंची लेक तिकडे नोकरीला आहे. मागे ताई आणि साडूभाऊ तिच्याकडे जाऊन आले, तेव्हा तिने हे यंत्र तिथल्या नकाशासकट वडिलांच्या हातात दिलं होतं. तिथे भाड्याची गाडी त्यांनीच चालवली. आणि परत आल्यापासून हा गृहस्थ रोज संध्याकाळी दाराशी बसून लेकीला घरापासून ऑफिसपर्यंत सोडून येत होता.

"चौकातून उजवीकडे वळा," बाई म्हणाली.

"इथे फार वर्दळ असते," साडूभाऊ मला म्हणाले. "एक बेकरी आहे कोपऱ्यावर. पोरगी तिथे थांबते कधीकधी, म्हणून मी जरा सावकाश घेतो."

यंत्रात सावकाश घेणं वगैरे काही नसतं. मी 'हं' म्हणालो.

तेवढ्यात ताईंनी खिडकीतून हात आत घातला. हातात फोन. "घ्या, लेकीचाच आहे. बोला एकदाचं, भावोजींचाही जीव टांगणीला लागलाय."

"बाबा," पलीकडून आवाज आला, "आई म्हणते तुम्ही माझा नकाशा पुसू देत नाही. कुठला नकाशा?"

"तुझ्या घराचा गं. घर ते ऑफिस."

"पण बाबा... मी ते घर कधीच सोडलं. नव्या वसाहतीत आले ना मी, आईला सांगितलं होतं."

साडूभाऊंनी ताईंकडे पाहिलं. ताई गोंधळल्या. "मला वाटलं तीच सांगेल तुम्हाला."

"आणि मला वाटलं तू सांगितलं असशील!" फोनमधून आलं.

साडूभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे गाडी निमूट ऑफिसकडे चालली होती. "अरेच्चा," ते म्हणाले. "मग इतके दिवस मी सोडत कुणाला होतो?"

नवा पत्ता त्यांनी विचारून घेतला आणि यंत्रात घातला. पडद्यावर एक मोकळं, फिकट पिवळं मैदान आलं. ना गल्ली, ना रस्ता. लेक त्या मैदानाच्या मध्यावर कुठेतरी राहत होती. तिचं गावही आपल्यासारखंच नकाशाच्या पुढे निघून गेलं होतं.

"चला," ते मला म्हणाले. "पुसू या."

घरात संगणकापुढे बसल्यावर यंत्राने विचारलं, 'नक्की पुसायचं?' ते बटण मी दाबणार, एवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. मग नवा नकाशा उतरवायला घेतला आणि हिरवी पट्टी हळूहळू भरली. निळ्या तळ्यावर एक बारीकशी पांढरी रेघ उमटली. पूल! पलीकडच्या गल्ल्याही आल्या, नावांसकट. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी अभिनंदनासाठी हात पुढे केला, पण साडूभाऊंचे हात रिकामे नव्हते. त्यांनी पुन्हा फोन लावला होता.

"निघालीस का गं? मग मला सांगत सांगत जा. दारातून बाहेर पडलीस की कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"बाबा, मी बघते कुठे? मोबाईल म्हणतो तशी जाते."

"मोबाईलकडे बघू नकोस. डोळ्यांनी बघ. काय दिसतंय?"

"एक शाळा आहे वाटतं. लाल भिंतीची. अय्या, मी ही कधी पाहिलीच नव्हती. मग एक पाण्याची टाकी... मग... थांबा हं. बाबा, टाकी माझ्या डावीकडे असायला हवी होती का?"

"मला कसं कळणार? तू बस कुठे पकडतेस?"

"तोच तर थांबा दिसत नाहीये. बोलता बोलता मी भलतीकडे आले वाटतं. काय करू?"

साडूभाऊ खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले. बाहेर आपली नेहमीची गल्ली होती, तिच्याकडे ते असे डोळे बारीक करून बघायला लागले, जणू टाकी तिथेच कुठेतरी असणार होती.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आधी मागे वळ. आणि आता हळूहळू सांग, काय काय दिसतंय?"