मावशींची हरकत

आमच्या दौंडच्या चर्चमध्ये एक मावशी आहेत; त्यांना कुणीही कामं सांगायचं. सणाचा स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यापाशी बसणं. "प्रार्थना करून सांगते," म्हणायच्या आणि मुकाट्यानं करायच्या. आम्ही त्याला नम्रता म्हणत होतो.

मग कबरस्तानाचा जुना कोपरा सपाट करून तिथं गाड्या लावायचं निघालं. त्याच कोपऱ्यात मावशींच्या तान्ह्या लेकीची मातीची कबर होती. मंडळीच्या सभेत पाळकांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

मावशी उठल्या. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी डोळे मिटले, तसे सवयीनं आम्हीही मिटले.

"बापा, माझी पोर तिथं हाय. मला हे पटत न्हाई. ह्यास्नी थांबव."

माणसांशी त्या इतकं स्पष्ट कधीच बोलल्या नव्हत्या.

"आमेन," आम्ही सगळे म्हणालो.

"मग ठरलं," पाळक म्हणाले. "मावशींनी प्रार्थनासुद्धा केली."

मावशी खाली बसल्या.

आता तिथं फरशी आहे. दर रविवारी उपासना सुटली की मावशी गाड्यांमधून वाट काढत जातात आणि एका जागी थांबतात. परवा त्या जागी माझी मोटारसायकल होती.

"काढू का, मावशी?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.