ओढ्याकाठच्या विहिरीचा गुन्हा

सेवेत असताना अनेक गुन्ह्यांचा तपास केला. त्यांतले बहुतेक आता मला नीट सांगताही येणार नाहीत. पण ओढ्याकाठी आडव्या पडलेल्या त्या मेंढ्या, आणि जमावाच्या मधोमध जीपला पाठ लावून उभी असलेली ती बाई, काल पाहिल्यासारखी डोळ्यांपुढे येते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. जुन्नर तालुक्यात हमरस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या हद्दीच्या टोकाला एक ओढा होता, त्याच्या पलीकडे आंबेगाव तालुका लागायचा. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला की ओढ्याजवळच्या गावात लोकांनी एका बाईला घेरलं आहे. हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी निघालो.

बाई माझ्या माहितीच्या होत्या. पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. फवारणी करताना चक्कर येऊन पडलेली माणसं आणि दूषित पाण्यानं आजारी पडलेली मुलं वर्षानुवर्षं पाहून त्यांनी नोकरी सोडली आणि घोडेगावात दोन खोल्यांत एक संस्था सुरू केली. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायचं, कोण कधी कशानं आजारी पडलं ते वहीत लिहायचं, आणि ती वही घेऊन तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा चकरा मारायच्या. ठाण्यात आम्ही त्यांना ‘बाटलीवाल्या बाई’ म्हणायचो, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

जमावाच्या पुढे गावातला वजनदार माणूस होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याची दगडखाण होती, दोन वर्षांपासून बंद. मला पाहताच तो म्हणाला, “साहेब, हिनंच पाण्यात औषध टाकलंय. लोकांना भ्या घालायचं आन् पेपरात नाव आणायचं. पिशवी बघा हिची.”

मी पिशवी उघडली. रिकाम्या बाटल्या, वही, आणि तळाशी तपकिरी काचेची एक छोटी बाटली. बूच काढलं तर उग्र वास आला. “घावली, घावली!” असा गलका झाला आणि मागून आलेल्या दगडानं आमच्या जीपची काच फुटली.

मेंढ्यांचा मालक एका बाजूला उकिडवा बसला होता. पन्नाशीचा धनगर, त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा आणि बिऱ्हाडाचा तळ, ओढ्याकाठी उतरला होता. “सकाळी पानी पाजलं सायेब, आन् उन्हं वर यायच्या आत येकेक आडवी झाली,” एवढंच तो सांगत होता.

बाई घाबरलेल्या होत्या, पण आवाज स्थिर होता. “ते पाण्यातला क्लोरीन तपासायचं औषध आहे. तपासायला पाठवा, मला न्यायचं तर न्या. पण आधी त्या ओढ्याकाठच्या विहिरीवर माणूस बसवा. ओढ्याचंच पाणी तिच्यात झिरपतं, आणि वाड्यावरची माणसं तेच पितात.”

“काय करायचं ते आम्हाला कळतं, बाई,” मी म्हणालो.

दोन पंचांसमोर पंचनामा केला, बाटल्या आणि ओढ्याच्या पाण्याचा नमुना लाखेनं सील केला, वही जप्त केली आणि बाईंना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. तीन तास मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत होतो. अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस सगळं ओळीनं, घोटून सांगतो. खरं बोलणारा अडखळतो, मागे जाऊन स्वतःलाच दुरुस्त करतो. बाई दोनदा अडखळल्या, दोनदा त्यांनी वेळ दुरुस्त करून सांगितली. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्या विचारत, “विहिरीवर माणूस बसवला का?” मला वाटलं, लक्ष दुसरीकडे वळवायची ही युक्ती आहे. पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून बोलावू तेव्हा हजर राहायची नोटीस देऊन दिवस मावळायच्या आत सोडलं. विहिरीवर मी कोणालाही बसवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयातून खबर आली. धनगराच्या बायकोला उलट्या होत होत्या, तिला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. मी गेलो तेव्हा तो व्हरांड्यात उभा होता.

“पाण्याला वास येत नव्हता का?” मी विचारलं.

“येत व्हता.”

“मग का प्यायलात?”

त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुमी बाईला न्हेली ना सायेब. आमाला वाटलं, इख टाकणारी गेली, आता पानी निवळंल.”

त्याच पावली विहिरीवर दोन शिपाई बसवले आणि पंचायत समितीला कळवून वाड्यासाठी पाण्याची सोय केली. दोन दिवस उशिरा.

त्याच दुपारी हवालदारानं एक बातमी आणली. हमरस्त्यावरचा पंक्चरवाला त्याला म्हणाला होता, “एक टँकर येतो राव. ‘पिण्याचे पाणी’ लिवल्यालं हाय, पन मागचा नळ पार खाऊन गेलाय. पान्यानं कुठं लोखंड आसं खातं व्हय? आन् ह्या टायमाला कॅनॉल भरून वाहतोय, गावात पानी कशाला न्हेतो?” टँकर कधी येतो, हे मात्र त्याला सांगता येईना.

मी जप्त केलेली वही काढली. खरं तर बाईंविरुद्ध काही सापडतं का, हे पाहायला ती आणली होती, आणि तोवर नीट वाचलीही नव्हती. सहा महिन्यांच्या नोंदी होत्या : कोणाचं अंग खाजून फोड आले, कोणाचं वासरू मेलं, कोणाला उलट्या. प्रत्येकीपुढे तारीख. चोऱ्यांचे वार बघायची आम्हा पोलिसांना सवय असते. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मी तारखांपुढे वार लिहीत गेलो. एखाददुसरी सोडली तर सगळ्या नोंदी आठवडे बाजाराच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच्या होत्या. बाजारच्या दिवशी दुपारी ते गाव ओस पडायचं.

बाईंना बोलावलं, टँकरची बातमी सांगितली आणि वही पुढे ठेवली. त्यांनी दोनदा बोट फिरवलं. “मी तारखाच लिहीत राहिले. वार कधी बघितलाच नाही.” मग म्हणाल्या, “वरच्या अंगाला खाणच आहे.”

“ताई,” मी पहिल्यांदाच तसं म्हणालो, “बाजाराला चार दिवस आहेत. तुमच्यावरचा संशय फिटला असं कळलं तर टँकर येणार नाही. हे चार दिवस रोज सगळ्यांदेखत तुम्हाला ठाण्यात बोलवावं लागेल.”

“म्हणजे लोक शिव्या देतील.”

“देतील.”

“शिव्यांचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण शिपाई विहिरीवरून हलवायचे नाहीत.”

शिपाई बाईच्या साथीदारांची वाट बघत बसलेत, असं आम्ही गावात पसरवलं. ताई रोज यायच्या. तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फाटकात कोणीतरी त्यांच्या अंगावर शेण टाकलं. नळावर पदर धुऊन त्या आत येऊन बसल्या. मी मान खाली घालून कागद चाळत राहिलो.

बाजारच्या दिवशी सकाळीच आम्ही खाणीवरच्या मोडक्या शेडमध्ये जाऊन बसलो. मी, हवालदार, दोन शिपाई आणि शेजारच्या गावातले दोन पंच. पत्रे तापलेले, खालून येणाऱ्या वासानं डोळे चुरचुरत होते. दोन वाजले, अडीच वाजले. तीनच्या सुमारास इंजिनचा आवाज आला. टँकर उलटा घेत खड्ड्याच्या काठाशी लागला. तोंडाला फडकं बांधलेला चालक उतरला आणि त्यानं नळ सोडला. पिवळट फेस दगडांवरून ओढ्याच्या अंगाला वाहायला लागला. एक पंच तिथेच ओकला. आम्ही धावलो. चालक पळाला, पण खडीवरून घसरला आणि हवालदाराच्या हाती लागला.

ठाण्यात त्याचं एकच पालुपद : “पानी हाय. मला दुसरं म्हाईत न्हाई.” दरडावून झालं, गोडीनं विचारून झालं. खाणमालकाला खबर लागायच्या आत मला नाव हवं होतं. ताई बाहेर आपल्या जबाबासाठी थांबल्या होत्या. दारातून त्यांची नजर चालकाच्या हातांवर गेली आणि त्या न विचारता आत आल्या. बोटांची कातडी सोलून निघाली होती.

“कधीपासून आहे हे?”

त्यानं मुठी मिटल्या.

“घरी लहान कोण आहे?”

“पोरगी. दीड वर्साची.”

“याच हातांनी घेतोस तिला?”

त्यानं मुठी उघडून हातांकडे पाहिलं. “न्हाई घेत ताई. लई दिस झालं, घेतच न्हाई मी तिला.”

त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. शहराकडच्या कुठल्याशा कारखान्यातली घाण तो आणत होता, भरलेला टँकर त्याला हमरस्त्यावरच ताब्यात मिळायचा, आणि खड्डा वापरू देत होता तो खाणमालकच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून चालकाचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घेतला. खाणमालकाला त्याच संध्याकाळी अटक केली. जीपमध्ये बसताना तो म्हणत होता, “मी फक्त जागा दिली, साहेब.”

कलमं लावताना आणखी एक गोष्ट कळली. लोकांच्या पिण्याचं पाणी नासवलं तर तेव्हाच्या कायद्यात तीन महिने, आणि मेंढरं मारली तर पाच वर्षांपर्यंत. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मेंढरांचं कलम आधी लिहा.” तसंच लिहिलं. पुढे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला आणि ताईंची तपकिरी बाटली निर्दोष ठरली. खटला काही वर्षं चालला. खाणमालकाला शिक्षा झाली. कारखान्यापर्यंत मात्र मला पोचता आलं नाही; कागदोपत्री तो टँकर कोणाचाच नव्हता. धनगराची बायको वाचली, पण उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी ताईंना गाठलं. “ते पहिले दोन दिवस मनातून जात नाहीत,” मी म्हणालो.

त्यांनी माझी समजूत काढली नाही. “जाऊ देऊ नका, साहेब. कुठंतरी कामाला येतील.”

पोलिसाचं डोकं आधी ‘कोणी केलं’ याच्या मागे धावतं. आम्हाला शिकवलेलंच ते असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं. पण काही गुन्हे आपण पोचल्यावरही चालूच असतात, हे मी त्या ओढ्याकाठी शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

काही वर्षांनी माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. तिथं एका गावात नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो अशी तक्रार आली. मी टाकीवर गेलो, मुख्य चावी स्वतः बंद केली, दवंडी द्यायला माणूस धाडला. बरोबरचा नवा फौजदार गोंधळला होता. “सर, अजून गुन्हा दाखल नाही. कोणत्या कलमाखाली बंद करायचं?”

“कलम संध्याकाळी शोधू,” मी म्हणालो. “आधी घराघरांतले हंडे ओतायला लाव.”