गोळीशिवायची बाई

मोऱ्याहून पनवेलला मासळी विकायला येणारी ही बाई तपासणीसाठी रक्त द्यायला बसली की बांगड्या स्वतःच वर सारते आणि मला बजावते, "ताई, डाव्या हाताला टोच. उजव्यानं मना मासली कापायची हाय."

एचआयव्ही होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ती धडधाकट होती. आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रातले डॉक्टर नव्या रुग्णांसमोर तिला उभं करायचे. "बघा, गोळीशिवाय ठणठणीत!" तीही कंबरेवर हात ठेवून हसायची. पुढे गोळ्या सगळ्यांनाच द्यायचा नियम आला, तेव्हाही हिला कुणी आग्रह केला नाही. आत रोगाशी लढणाऱ्या पेशी मात्र हळूहळू उतरत होत्या.

परवा त्या फारच खाली आल्या. तेच डॉक्टर तिच्यावर खेकसले, "इतकी वर्षं गोळ्या का नाही घेतल्या?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच मिरवत होतात ना तिला?" मी म्हटलं. ते फाइलमध्ये तोंड घालून बसले.

ती बाहेर गेली. बाकावर एक नवी मुलगी रडत होती. तिच्यासमोर हिने नेहमीसारखे कंबरेवर हात ठेवले.

"पोरी, मना बघ. मी बी ठणठणीत व्हते. तू आजच गोळी घे."