उजव्या अंगठ्याची त्रुटी

“बायकांचा उजवा अंगठा लागतो,” विधी सेवा कार्यालयातला क्लार्क मान वर न करता म्हणाला आणि भरपाईचा अर्ज माझ्याकडे सरकवला.

माझ्या शेजारी हिराबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराखालचा उजवा हात काढून टेबलावर ठेवला. अंगठा नाही, लगतची दोन बोटं नाहीत.

“म्हणूनच डावा दिलाय,” मी म्हणाले.

“मग सिव्हिल सर्जनचा दाखला आणा, अंगठा नाही असा.”

मी वडगावच्या कोर्टात वकिली करते. लीगल एडच्या पॅनलवर आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं माझ्याकडे येतात. हिराबाई तशाच आल्या.

लोहगडवाडीत त्यांची टपरी आहे. सरबत, भजी, चहा. एका रविवारी चार पर्यटक बाकड्यावर बिअर घेऊन बसले. हिराबाई म्हणाल्या, “हितं पिऊ नगा, लेकीबाळी येत्यात.” एवढंच. त्यातल्या एकानं सरपणाजवळचा कोयता उचलला. हिराबाईंनी डोकं वाचवायला हात वर केला. चौघं गाडीत बसून गेले. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही.

पोलिसांनी शेवटी ‘अ समरी’ पाठवली. म्हणजे गुन्हा खरा आहे, आरोपी सापडत नाही. फाईल बंद.

अशांसाठीच सरकारची भरपाई योजना आहे. आरोपी सापडला नाही तरी पीडिताला भरपाई मागता येते, असं कायद्यात सरळ लिहिलंय. मी अर्ज केला. पहिली त्रुटी पोस्टानं आली: आरोपपत्राची प्रत जोडलेली नाही. आरोपीच नाही तर आरोपपत्र कुठून आणायचं? मी कलम लिहून उत्तर पाठवलं. दुसरी त्रुटी ही, अंगठ्याची. तोंडी.

मला तेव्हाच भांडायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर सगळं होतं, हात समोर होता. पण मी म्हटलं, जाऊ दे, दाखला आणून टाकू. दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलात अख्खा दिवस गेला. तीन खिडक्या झाल्या. प्रत्येक खिडकीवर हिराबाईंनी हात दाखवला. परतताना एसटीत म्हणाल्या, “ताई, त्या मुडद्यानं येकदाच तोडला. ही मान्सं रोज इचारत्यात, अंगठा कुटं हाय.”



आठवड्यानं दाखला घेऊन गेलो. क्लार्कनं तो दोनदा वाचला.

“यात अंगठा नाही असं आहे. ठसा देऊ शकत नाहीत, असं कुठंय?”

माझे कान तापले. आवाज मात्र शांत निघाला. “हे लिहून द्या.”

“काय?”

“हीच त्रुटी. अंगठा नसल्याचा दाखला आहे, पण त्या अंगठ्याचा ठसा नाही, म्हणून अर्ज परत. खाली तुमचं नाव, सही, शिक्का.”

त्यानं पेन उचललं. ‘अर्जदार महिलेच्या उजव्या’ एवढं लिहिलं आणि थांबला. मग कागद घेऊन आत साहेबांकडे गेला. साहेब बाहेर आले.

“मॅडम, एवढं ताणायचं कशाला? नियम आहे तो.”

“सर, नियम कुठला ते पण लिहा. मी इथंच बसते.”

“मी बी बसते,” हिराबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

साहेबांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे. कुणीच काही लिहिलं नाही. पाच मिनिटांत डाव्या अंगठ्याचा ठसा चालला. अर्जावर इनवर्ड नंबर पडला, म्हणजे तो रीतसर दाखल झाला. अर्धवट लिहिलेला कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

सात महिन्यांनी भरपाई ठरवणाऱ्या समितीनं अर्ज मंजूर केला. पैसे हिराबाईंच्या खात्यात आले. टपरी सुरू आहे. कांदा आता सून चिरते. ते चौघं अजून सापडलेले नाहीत, आणि आता कुणी शोधतही नाही.

राग मला त्या क्लार्कचा येतो, पण जास्त माझा येतो. नको असलेल्या दाखल्यासाठी मीच त्या बाईला तीन खिडक्यांवर उभं केलं. आता नव्या वकिलांना मी एकच सांगते. तोंडी त्रुटी ऐकून परत फिरायचं नाही. लेखी मागायची. बहुतेक त्रुटी कागदावर उतरायला लाजतात.